आभाळातली चिंच

अम्माच्या हातात काहीही द्या, आधी तिचा अंगठा त्यावरून फिरायचा. कप दिला तर कडेवरून, वही दिली तर पुठ्ठ्यावरून, नवं लुगडं दिलं तर काठावरून. मग मान जराशी कलती करून ती निकाल द्यायची, "हाताला कळतंय की." वस्तू पसंत पडली तरी हेच वाक्य आणि नापसंत पडली तरी हेच. फरक फक्त सुरात. मी भाड्याची खोली बघायला तिच्याकडे गेले तेव्हा तिनं माझ्या नोकरीची, गावाची, घरच्यांची काही चौकशी केली नाही. माझ्या पिशवीतला स्टीलचा डबा मागून घेतला, त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि खोली मला मिळाली.

तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे भांडं ठेवताना आपण नकळत ते ओढणीला पुसून घेतो. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत ती अम्मा होती. सत्तरीची, बुटकी, चालताना बांगड्यांचा आवाज करणारी. खाली ती आणि तिची सून राहायच्या. मुलगा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. वर गच्चीला लागून माझी एकटीची खोली. मी मूळची वैरागची, इथल्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आलेले. अम्मा सुनेशी तेलुगूत बोलायची, माझ्याशी गल्लीतल्या मराठीत आणि मांजराशी दोन्हीत. मला ती 'टीचर' म्हणायची आणि अहोजाहो करायची. अम्मा आता नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस करते आहे. असती तर हा कागदसुद्धा तिनं आधी अंगठ्याखाली घेतला असता.

आमच्या समोर टॉवेलचा कारखाना होता. मागच्या बाजूला माग, पुढं सूत रंगवायचं डाईंग आणि डाईंगच्या बॉयलरचं धुराडं थेट आमच्या गच्चीच्या नाकासमोर. कारखान्याचे टॉवेल अम्मा घरी आणून घड्या घालायची आणि डझनाचे गठ्ठे बांधायची. टॉवेलात एखादा धागा तुटलेला असला तर तिचा अंगठा तिथं अडायचा. ती तो टॉवेल बाजूला काढायची आणि मालकही त्यावर वाद घालायचा नाही. हे तिचं पोटापाण्याचं काम. तिचा खरा जीव होता पितळेवर.

तिच्याकडे पितळेची भांडी होती, लग्नातली. घागर, तांब्या, समया, परात, एक भलंमोठं घंगाळ. दर शुक्रवारी ती सगळी गच्चीवर यायची. पाटावर बसून अम्मा चिंचेचा कोळ लावायची, घासायची, लगोलग धुवायची आणि कठड्यावर ओळीनं उपडी घालायची. उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे. सण जवळ आला की गल्लीतल्या बायका आपापली देवाची भांडी पदराखाली घेऊन तिच्याकडे यायच्या. घासून द्या म्हणायला लाजायच्या, म्हणून 'जरा बघून घ्या' म्हणायच्या. अम्मा बघायची म्हणजे घासायची. त्याचं काही घेत नव्हती. पण त्या दोन दिवसांत ती गल्लीची महाराणी असायची आणि सुनेला तीन-तीनदा चहा टाकायला लावायची.

मी आले त्या पावसाळ्यात या राज्याला दृष्ट लागली. भांड्यांवर डाग पडू लागले. बारीक, काळपट, मध्येच हिरवट ठिपके. शुक्रवारी घासून लखलखीत केलेली घागर सोमवारी देवी आल्यासारखी दिसायची. अम्मा पुन्हा घासायची, पुन्हा ठिपके. गल्लीतल्या बायका समोर काही बोलल्या नाहीत. मागून बोलल्या. अम्माची नजर गेली, डाग राहतात तिच्या हातून, वय झालं की असंच होतं. सुनेनं अगदी मायेनं सुचवलं की आता पितळ माळ्यावर टाकू आणि स्टील काढू. तो सल्ला अम्माला जिव्हारी लागला. त्या वर्षी श्रावणात तिच्या दारात कुणाचं भांडं आलं नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली, टॉवेलच्या घड्या घालत, आणि कुणी विचारलं तर यंदा बायकांनी सणच केला नाही वाटतं, असं म्हणायची.

एका सकाळी ती घागर घेऊन जिना चढून माझ्या खोलीत आली. घागर माझ्या पुढ्यात ठेवली आणि माझा हात धरून माझा अंगठा त्या ठिपक्यांवर टेकवला. खरखरीत लागलं. मग घागर फिरवून दुसऱ्या अंगाला अंगठा लावला. गुळगुळीत.

"धुराड्याच्या अंगालाच हाय बघा," ती म्हणाली. "चिंच लावून तशीच ठिवली की असंच खातंय पितळ. मी ठिवत न्हाय. मग कुणी ठिवली?"

तुम्हाला सांगते, माझ्या वर्गात शंभर मुलं बसतात आणि वर्षभरात असा एक प्रश्न येत नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथल्या तिथं खाटेवर बसवून आम्लवर्षेचा अख्खा धडा शिकवला. कोळशात थोडं गंधक असतं. कोळसा जळला की ते वायू होऊन धुरातून वर जातं. गाड्यांच्या धुरातून नत्राचे वायू जातात. वर हवेतल्या ओलाव्यात हे सगळं विरघळतं, त्याचं आम्ल होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. धुराडं जवळ असलं तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही, ओल्या काजळीच्या कणांतच आम्ल असतं. कढीपत्त्याच्या पानांना तपकिरी चट्टे पडतात, पत्रे गंजतात, दगडावरची नक्षी झिजते, जमिनीतलं सत्त्व धुऊन जातं.

अम्मानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वरनं चिंच पडायलीय," ती म्हणाली. माझा पाऊण तासाचा धडा तिनं चार शब्दांत आटोपला.

एका गोष्टीवर मात्र ती अडली. थंड देशांतल्या काही तळ्यांबद्दल मी सांगितलं होतं. अशा पावसानं तिथलं पाणी आम्ल झालं, माशांची अंडी मेली, शेवाळ गेलं आणि पाणी काचेसारखं नितळ दिसू लागलं. अम्मानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. स्वच्छ दिसतंय आणि मेलेलं हाय, असं कसं, हा प्रश्न तिनं पुढं आठवडाभर मला, सुनेला आणि मांजराला विचारला. आयुष्यभर जिनं स्वच्छतेवर डोळे मिटून विश्वास टाकला होता तिला हा मोठाच धक्का होता.

मग मला चेव चढला. पावसाचं पाणी धरायचं, मोजायचं, सिद्ध करायचं. प्लास्टिकची बाटली, तिच्यावर नरसाळं, असा सरंजाम मी धुराड्याकडच्या कठड्यावर बांधला आणि पाऊस थांबला की बाटली झाकून ठेवायचं काम अम्माला दिलं. दोन दिवसांनी पाऊस झाला. मी कॉलेजातल्या यंत्रावर सामू मोजला. सामू म्हणजे आंबटपणाचं माप. सात असेल तर पाणी ना आम्ल ना अल्क. आकडा जितका खाली तितका आंबटपणा जास्त. साधा पाऊस साडेपाचाच्या आसपास असतो. माझ्या बाटलीतलं पाणी चारच्याही खाली उतरलं. मी स्टाफरूममध्ये मिरवले. संध्याकाळी कारखान्याच्या मालकाला निरोप धाडला की महत्त्वाचं बोलायचं आहे, गच्चीवर या.

मालक आले. पन्नाशीचे, पोट सुटलेले, स्वभावानं शांत. त्यांचे आजोबा हातमागावर बसायचे आणि हे ते अभिमानानं सांगायचे. मी त्यांच्यापुढे आकडा ठेवला, गंधक सांगितलं, जरा आवाजही चढवला. आसपासच्या गच्च्यांवर बायका वाळवण गोळा करायच्या निमित्तानं जमल्या होत्या. मालकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं की पाणी धरलं कशात.

माझ्या आधी अम्मानं उत्तर दिलं. अगदी ताठ मानेनं सांगितलं की त्या प्लास्टिकला कसलातरी वास येत होता, शास्त्राचं काम असल्या भांड्यात करायचं नाही, म्हणून तिनं आपला पितळेचा तांब्या चिंचेनं चांगला घासून कठड्यावर ठेवला, त्यात पाऊस धरला आणि मग बाटलीत ओतला.

पावसाच्या पाण्यात मुळात क्षार जवळजवळ नसतातच. त्यामुळे चिंचेचा एवढासा अंश राहिला तरी तो आकडा खाली ओढतो. हे मला कळत होतं. मालकांनाही कळलं, डाईंग चालवणारा माणूस तो. त्यांनी आधी हसू दाबलं, मग ते कठड्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्या गच्च्या हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोला. फक्त अम्मा हसली नाही. ती एकदा माझ्या आवाजाकडे वळली, एकदा मालकांच्या, आणि आपल्या हातून काहीतरी बिघडलं एवढंच तिला कळलं. पुढचे पंधरा दिवस गल्लीत आम्हा दोघींचं नाव 'चिंचेचा पाऊस' असं पडलं होतं. भाजीवालासुद्धा मला चिंच हवी का विचारायचा.

मी विषय सोडून दिला असता. माझं काय, चार दिवस हसं झालं. पण अम्माचं तसं नव्हतं. आता गल्लीची खात्रीच पटली होती. डाग तिच्याच हातचे, उरलेली चिंचही तिच्याच हातची, आणि म्हातारी उगाच कारखान्यावर ढकलते. ज्या हाताला सगळं कळतं म्हणून ती जगली, त्या हातावरचा लोकांचा भरवसा उडाला होता. ती तीन दिवस वर आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "टीचर, परत धरा पाणी. मी हात लावणार न्हाय. शपथ."

या वेळी मी शहाणी झाले होते. तीन बाटल्या बसवल्या. एक कॉलेजच्या छतावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. एक आमच्या गच्चीच्या मागच्या कठड्यावर. एक धुराड्याच्या बाजूला. अम्माला नियम सांगितला, नरसाळ्याला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, धुवायचं नाही, ते कितीही घाण दिसलं तरी. धुराड्याकडचं नरसाळं आठवड्यातच काजळीनं माखलं. कावळ्यांनी कडेवर शिटून आपलाही हातभार लावला. अम्मा रोज त्याच्यापासून चार हातांवर पाट टाकून बसायची, टॉवेलच्या घड्या घालायची आणि कावळे हाकलायची. पण नरसाळ्याकडे बोट केलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी पोराचं नाक पुसणारी बाई ती. सून मला हळूच म्हणाली की असा संयम तिनं सासूच्या अंगात कधी बघितला नव्हता. मलाही मनातून तिचं फार कौतुक वाटायचं. विज्ञानासाठी माणसं काय काय सोसतात, असा एक उतारा मी वर्गात तिच्यावर ऐकवला.

भाद्रपद सरता सरता परतीचा पाऊस आला. सोलापुरात तो येतो तेव्हा सगळा हिशोब एकदम चुकता केल्यासारखा येतो. चार दिवस मी बाटल्या बदलत होते, मोजत होते.

कॉलेजच्या छतावरचं पाणी सातच्या वर निघालं. आंबट तर नाहीच, उलट किंचित दुसऱ्या बाजूला झुकलेलं. कारण ऐकून अम्मा खूश झाली. आपल्याकडच्या मातीत चुनखडी असते. तिची धूळ बारा महिने हवेत असते आणि पावसाचे पहिले थेंब ती घेऊन खाली येतात. आभाळात जे आम्ल तयार होतं त्याला ही धूळच मारते. सोलापूरच्या धुळीला आम्ही सगळ्यांनी जन्मभर शिव्याच दिल्या. अम्मानं तर केरसुणी घेऊन तिच्याशी पन्नास वर्षं युद्ध केलं. तीच धूळ आपली राखण करते हे कळल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी अंगण झाडलं नाही. तिसऱ्या दिवशी झाडलं, ते सोडा.

मागच्या कठड्यावरचं पाणी साडेसहाच्या जवळ. धुराड्याकडचं पहिल्या सरीला बरं होतं. पण पाऊस लांबला, हवेतली धूळ धुऊन गेली, पश्चिमेच्या वाऱ्यानं धूर आमच्याकडे झुकला आणि आकडा उतरत उतरत चारवर आला. तळाशी काजळीचे कण. ते कण वेगळे काढून बघितले तर त्याहून आंबट. या वेळी चिंच नव्हती. मी चारदा मोजलं.

मालकांना पुन्हा बोलावलं. ते आले, पण ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू घेऊनच. माझा कागद त्यांनी वाचला, घडी केली आणि चिंच या वर्षी महाग झाली का, असं गमतीत विचारलं. एकदा विश्वास गेला की आकड्यालाही कुणी विचारत नाही.

अम्मा उठली. खालून एक गाठोडं घेऊन आली. त्यात पंधरा-वीस पांढरे टॉवेल होते, कारखान्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मालातले, तिनं घड्या घालताना पावसाळाभर बाजूला काढलेले. एक टॉवेल मालकांच्या गुडघ्यावर पसरला आणि जसा माझा अंगठा धरला होता तसा त्यांचा धरून त्यावरून फिरवला.

मालकांचा अंगठा एके ठिकाणी थांबला. त्यांनी टॉवेल डोळ्यांजवळ नेला. टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, कडक. त्यांनी नखानं जरा कोरलं आणि तिथं भोक पडलं. दुसरा टॉवेल घेतला. तिथंही तेच.

"मागावरची चूक हाताला मऊ लागती. ही करपल्यासारखी लागती," अम्मा म्हणाली. "तुमचंच धुराडं, तुमचाच टॉवेल. आता सांगा मालक, ह्यांना मी कुठली चिंच लावली?"

मालक हसले नाहीत. एकेक करून सगळे टॉवेल चाचपले आणि मग खरं ते सांगितलं. गेल्या वर्षापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या की दोन धुण्यांत टॉवेलला भोकं पडतात, आणि ते सुताच्या व्यापाऱ्याशी भांडत होते. उठताना त्यांनी अम्माला वाकून नमस्कार केला. गल्ली बघत होती, तरी केला.

दिवाळीपर्यंत धुराडं आतून खरवडून झालं. आणखी वर चढवलं. कोळसा बदलला. धूर बाहेर पडण्याआधी चुन्याच्या पाण्याच्या फवाऱ्यातून जाईल अशी टाकी बसली. चुना आम्लाला मारतो, हे मी अम्माला समजावून सांगायला बसले तर ती म्हणाली की हे तिला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. काम आठ दिवस बंद राहिलं आणि मालकांनी त्या आठ दिवसांत कुणाला घरी बसवलं नाही, सगळ्यांना सफाईला लावलं. पुढच्या श्रावणात अम्माच्या उंबऱ्यावर भांड्यांची रांग लागली. ज्या बाईनं वयाचा विषय पहिल्यांदा काढला होता तीच सर्वांत आधी, दोन परातींसह. अम्मानं तिची भांडी सगळ्यांत शेवटी घासली, एवढीच शिक्षा.

त्या संध्याकाळी ती दमून गच्चीवर बसली होती. मी मनापासून बोलले. म्हटलं, अम्मा, सगळं एकीकडे आणि तुम्ही ते घाणेरडं नरसाळं महिनाभर डोळ्यांपुढे सहन केलंत ते एकीकडे. मला नसतं जमलं.

अम्मा गालातल्या गालात हसली. "मला कुटं दिसत हुतं ते घाण हाय म्हणून?"

मला आधी थट्टा वाटली. मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस दिसायचा, चेहरा नाही. घागर दिसायची, डाग नाही. ते डाग तिनं कधी पाहिलेच नव्हते, अंगठ्यानं ओळखले होते. म्हणजे गल्ली तिच्या डोळ्यांबद्दल जे बोलत होती ते खरं होतं. मी चक्रावून विचारलं की मग इतके दिवस डॉक्टरकडे का गेला नाहीत.

"डोळं गेलं म्हणलं असतं तर डाग माझ्याच नावावर बसला असता की," ती म्हणाली. "म्हणलं, आदी हाताचं खरं हू दे. डोळ्याचं मग बघू."

एवढे दिवस मी मोजमापाच्या गप्पा मारत होते आणि ही बाई अर्ध्या अंधारात बसून वाट बघत होती. मी रडले, आणि ती मला टॉवेल देऊ लागली.

दिवाळी झाल्यावर तिचं ऑपरेशन झालं. दोन डोळ्यांचं, महिन्याच्या अंतरानं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दुपारी मी कॉलेजातून थेट तिच्याकडे गेले. काळा चष्मा लावून ती अंथरुणात बसली होती. मी नेहमीसारखी दारातूनच मोठ्यानं हाक मारली. तिनं मान वर केली, चष्मा काढला आणि बघत राहिली. सून म्हणाली, अहो, टीचर आहेत. तरी ती बघतच राहिली. या घरात भांडणारी, धडे देणारी, मालकावर आवाज चढवणारी टीचर तिनं मनात पन्नाशीची करून ठेवली होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

"अय्यो," ती म्हणाली, "तू तर लेकरू हायस की."

तिनं मला जवळ ओढून बसवलं आणि जेवलीस का विचारलं. त्यानंतर शेवटपर्यंत तिनं मला एकदाही 'तुमी' म्हटलं नाही.